थँक्सगिव्हिंगची टर्की घरी करताना : शनिवारपासून गुरुवारपर्यंत

अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा घरी टर्की करायची ठरली की सगळे आधी पाककृती शोधायला लागतात. लोणी किती, मसाला कुठला, ओव्हन किती तापवायचा. पण पहिली टर्की बिघडते ती बहुतेक वेळा पाककृतीमुळे नाही, उशिरा सुरुवात केल्यामुळे. गुरुवारी दुपारी जेवायचं असेल तर गोठलेली टर्की शनिवारी रात्रीच फ्रीझरमधून फ्रीजमध्ये उतरायला हवी. इथे वाढलेल्यांना हे आईआजीला बघून ठाऊक असतं, म्हणून ते मुद्दाम कुणी सांगत नाही. आपल्या घरी ते कुणी बघितलेलं नसतं. म्हणून हा लेख वारांच्या क्रमाने लिहिला आहे, आणि तुम्हीही कामं त्याच क्रमाने करा.

थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली राष्ट्रीय आभारदिनाची घोषणा केली आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. कॅनडात असाल तर तुमचा दिवस ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, तेव्हा खालचे सगळे वार त्या हिशेबाने मागे न्या.

गुरुवार म्हटल्यावर बऱ्याच मराठी घरांत प्रश्न येतो, आणि तो खरा प्रश्न आहे. दत्ताचा वार म्हणून कुणी गुरुवारी सामिष खात नाही. काही वर्षी तर थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला गुरुवार एकाच दिवशी येतात. २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला नेमकं तसंच झालं. घरात महालक्ष्मीचा घट बसणार असेल तर टर्की शुक्रवारी किंवा शनिवारी करा. त्यात काहीही कमी होत नाही. शुक्रवारी अनेकांना सुट्टी असते आणि दुकानंही उघडी असतात. मित्रमंडळींनी दुसऱ्याच दिवशी जमून जेवायचं इथेही चालतं, त्याला फ्रेंड्सगिव्हिंग म्हणतात.

खरेदी : निदान आठवडाभर आधी

माणशी १ ते दीड पौंड धरा. हे वजन हाडांसकट असतं, म्हणून ऐकायला जास्त वाटतं. मोठी आठ-दहा माणसं असतील तर १२ पौंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोची टर्की पुरते. पहिल्या वेळी १४ पौंडांच्या वर जाऊ नका, असा माझा आग्रह आहे. मोठी टर्की वितळायला एक दिवस जास्त घेते, फ्रीजचा अख्खा कप्पा अडवते, आणि छातीचं मांस कोरडं पडेपर्यंत मांडी शिजत नाही. माणसं वीस असतील तर एक मोठी घेण्यापेक्षा एक १२ पौंडांची टर्की आणि जोडीला नुसतं छातीचं मांस घ्या. ते हाडासकट वेगळं मिळतं. चौघांसाठी तर तेवढंच पुरे.

गोठलेली घ्यायची की ताजी? गोठलेली. ती स्वस्त असते, आधी आणून ठेवता येते, आणि नीट वितळवली तर चवीत फार फरक पडत नाही. वेष्टनावरची बारीक अक्षरं मात्र वाचा. कित्येक टर्कींत आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, आणि ‘अमुक टक्के सोल्युशन’ असं तिथे लिहिलेलं असतं. तशी टर्की आणली तर पुढे सांगितलेलं मीठ लावायचं नाही, नाहीतर ती खारट होईल.

एका वस्तूवर मात्र पैसे वाचवू नका, ती म्हणजे मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. टर्कीच्या छातीत कधी कधी प्लास्टिकचं छोटं बटण खोचलेलं येतं, शिजलं की ते वर येतं. त्यावर विसंबू नका. ते एकाच जागेचा अंदाज देतं आणि बरेचदा उशिराच वर येतं. बाकी एक खोल रोस्टिंग पॅन, जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि थोडा स्वयंपाकाचा दोरा. दुकानातला पातळ फॉइलचा पॅन घेणार असाल तर दोन एकात एक घाला आणि खाली ओव्हनचा ट्रे ठेवा. गरम चरबीने भरलेला पातळ पॅन उचलताना मधेच वाकला तर हात भाजतो.

घरी येऊन पॅन ओव्हनमध्ये जातो का ते आजच बघा. आपल्याकडे ओव्हनमध्ये कढया-पातेली ठेवायची सवय असते. ती बाहेर काढा आणि तळाला सांडलेलं तूप-तेल पुसून घ्या, नाहीतर ऐन वेळी धूर होऊन घरातला अलार्म वाजायला लागेल.

कॉस्टको, वॉलमार्ट आणि टार्गेट थँक्सगिव्हिंगच्या दिवशी बंद असतात. लोणी, दूध, बटाटे, सगळं बुधवारच्या आत घरात हवं.

शनिवार रात्र : वितळवणं

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा : फ्रीजमध्ये दर ४ ते ५ पौंडांना २४ तास. १२ पौंडांना झाले तीन दिवस. शनिवारी रात्री ठेवलेली टर्की मंगळवारी रात्रीपर्यंत वितळते, आणि वितळल्यावरही ती फ्रीजमध्ये एक-दोन दिवस चांगली राहते. त्यामुळे थोडं लवकर ठेवलं तर बिघडत नाही, उशीर मात्र भोवतो.

वेष्टन न काढता, खोल ट्रेमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. वितळताना लालसर पाणी सुटतं, ते कोथिंबिरीवर किंवा दह्याच्या भांड्यावर गळता कामा नये. फ्रीजचं तापमान ४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४ सेल्सिअस किंवा त्याखाली हवं.

टर्की ओट्यावर ठेवून वितळवायची नाही. आपण चिकन असं काढून ठेवतो आणि ते चालून जातं असं वाटतं, पण टर्कीचा गोळा एवढा मोठा असतो की आत बर्फ असतानाच बाहेरचं मांस कित्येक तास खोलीच्या तापमानाला पडून राहतं. जंतू वाढायला तेवढं पुरतं.

बुधवारी सकाळी लक्षात आलं की टर्की अजून फ्रीझरमध्येच आहे, तर घाबरू नका. ती न गळणाऱ्या पिशवीत घालून मोठ्या भांड्यात किंवा सिंकमध्ये गार पाण्यात पूर्ण बुडवा आणि दर ३० मिनिटांनी पाणी बदला. दर पौंडाला अर्धा तास, म्हणजे १२ पौंडांना सहा तास. कोमट पाणी वापरायचं नाही. या पद्धतीने वितळवलेली टर्की लगेच शिजवायची असते, म्हणून शक्यतो गुरुवारी पहाटे उठून हे करा आणि जेवण संध्याकाळवर न्या.

बुधवार : टर्कीची तयारी, आणि दुसऱ्या दिवशीची निम्मी कामं

सकाळी टर्कीचं वेष्टन काढा. दोन्ही बाजूंनी हात घालून बघा. मुख्य पोकळीत मान असते, आणि मानेकडच्या कातडीखाली किंवा पोकळीतच एका पिशवीत काळीज, पेटा आणि हृदय असतं. सगळं बाहेर काढा. आत अजून बर्फ लागला तर त्या पोकळीत थोडा वेळ गार पाणी सोडून तो सुटा करा, आणि नंतर सिंक साबणाने घासून घ्या.

एरवी टर्की धुवायची नाही. हे आपल्याला जड जातं, कारण हळद-मीठ लावून तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय कोंबडीला हात न लावणारी घरं आपली. पण धुण्याने जंतू मरत नाहीत, ते शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, नळावर, शेजारच्या सॅलडवर जातात. मारते ती उष्णता. इथे मिळणारा पक्षी साफ केलेलाच असतो. कागदी टॉवेलने आतून-बाहेरून टिपून अगदी कोरडा करा. मनाचं समाधान होत नसेल तर दोनदा टिपा. कातडी जितकी कोरडी, तितकी ती कुरकुरीत होते.

आता मीठ. दर ५ पौंडांना १ मोठा चमचा जाड कोशर मीठ, म्हणजे १२ पौंडांना साधारण अडीच चमचे. घरात बारीक मीठच असेल तर निम्मं घ्या. त्यात मिरपूड आणि वाळलेलं थाईम मिसळा. सगळ्या बाजूंनी चोळा, छातीवर जरा जास्त. मग झाकण न घालता रात्रभर फ्रीजमध्ये. मीठ आधी पाणी ओढून घेतं, मग तेच खारं पाणी मांसात परत मुरतं. त्यामुळे मांस भाजताना कमी आटतं. बादलीभर मीठपाण्यात टर्की बुडवण्याची पद्धतही आहे, पण घरच्या फ्रीजमध्ये ती बादली मावत नाही, आणि कातडी ओली राहते ती वेगळीच.

त्याच दुपारी मान, पेटा, हृदय, एक कांदा, एक गाजर आणि सेलरीचा दांडा सहा-सात कप पाण्यात दीड-दोन तास मंद उकळा. काळीज घालू नका, त्याने कडवटपणा येतो. गाळून ठेवलेलं हे पाणी, म्हणजे स्टॉक, उद्याच्या ग्रेव्हीचा पाया. त्यात आत्ता मीठ घालायचं नाही.

क्रॅनबेरी सॉस आजच करा, उद्या तो जास्त चांगला लागतो. १२ औंसांची पिशवी, १ कप साखर, १ कप पाणी. दहाएक मिनिटं उकळलं की फळं फटाफट फुटतात आणि गार झाल्यावर सॉस आपोआप घट्ट होतो, कारण या फळांत पेक्टिन भरपूर असतं. संत्र्याची किसलेली साल घाला. आपल्या माणसांना त्यात आल्याचा कीस आणि चिमूटभर लाल तिखट घातलेलं फार आवडतं.

पम्पकिन पाय, म्हणजे पिठाच्या पारीत लाल भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, पहिल्या वर्षी विकत आणा. बेकऱ्या तो उत्तम करतात, आणि तुमचं लक्ष टर्कीवर हवं.

गुरुवार

दुपारी ४ ला जेवायचं धरून वेळा सांगते. तुमची वेळ वेगळी असेल तर तेवढं पुढेमागे करा.

सकाळी ११ ला टर्की बाहेर काढा. ओव्हनची जाळी सगळ्यात खालच्या खणात लावा आणि साडेअकराला ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे १६० सेल्सिअसच्या जरा वर लावा. पॅनच्या तळाला कांदा, गाजर आणि सेलरीचे मोठे तुकडे पसरा, त्यावर टर्की छाती वर करून बसवा. छातीवरची कातडी बोटांनी हलकेच सुटी करा आणि तिच्याखाली मऊ लोणी भरा. लोण्यात ठेचलेला लसूण, थाईम, सेज आणि लिंबाची साल. उरलेलं लोणी वरून. पोकळीत अर्धा कांदा आणि अर्धं लिंबू टाका, पाय दोऱ्याने बांधा, पंखांची टोकं पाठीखाली खोचा. पॅनमध्ये कपभर पाणी ओता, म्हणजे गळणारा रस जळणार नाही.

मसाल्याविषयी. मालवणी मसाला, आलं-लसूण, दही चोपडून तंदुरी थाटाची टर्की करावी असं प्रत्येकाच्या मनात येतं. करायला हरकत नाही, पण तीन तासांच्या भाजणीत वर लावलेला मसाला करपतो आणि कडू होतो. त्यापेक्षा मसाला लोण्यात कालवून कातडीखाली भरा, तिथे तो मांसाला लागतो आणि जळत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी साधीच करा. मीठ-मिरी-लोण्याची नीट भाजलेली टर्की काय असते ते एकदा कळलं, की मग पुढच्या वर्षी त्यात काय घालायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

बाराला टर्की ओव्हनमध्ये. या तापमानाला, आत सारण न भरलेल्या ८ ते १२ पौंडांच्या टर्कीला पावणेतीन ते तीन तास लागतात, १२ ते १४ ला तीन ते पावणेचार. हा नुसता अंदाज. दर अर्ध्या तासाने दार उघडून रस ओतत बसू नका, दर वेळी ओव्हन थंड होतो आणि कातडी भिजते. छाती सोनेरी झाली आणि अजून वेळ असेल तर तिच्यावर फॉइलचा तुकडा ठेवा.

दोनला पहिल्यांदा थर्मामीटर लावा. मांडीच्या आतल्या बाजूला, छातीच्या सगळ्यात जाड भागात आणि पंख जिथे जोडला आहे तिथे. हाडाला टोक लागता कामा नये, लागलं तर आकडा चुकतो. तिन्ही ठिकाणी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस दिसलं की टर्की झाली. मांडी १७५ पर्यंत गेली तर उलट जास्त मऊ होते. रस गुलाबी दिसतो की पारदर्शक, यावर ठरवू नका, पूर्ण शिजलेल्या टर्कीतही हाडाजवळ गुलाबी छटा राहू शकते. आकडा काय म्हणतो ते बघा.

तीनच्या सुमारास बाहेर काढून पाटावर ठेवा, वर सैल फॉइल टाका आणि किमान अर्धा तास, शक्यतो पाऊण तास हात लावू नका. लगेच कापली तर सगळा रस पाटावर वाहतो. ती थंड होईल ही भीती नको, एवढा मोठा पक्षी सहज गरम राहतो. शिवाय याच पाऊण तासात ओव्हन रिकामा मिळतो. ३५० वर चढवा आणि बाकीचे दोन पदार्थ आत सारा.

त्यातला एक स्टफिंग. नावाप्रमाणे ते पक्ष्याच्या पोटात भरायचं असतं, पण तुम्ही वेगळ्या भांड्यात भाजा. पोटात भरलं तर सारणाचा मधला भागही १६५ अंशांना पोचावा लागतो, आणि तोवर छाती कोरडी ठक्क होते. एक पौंड ब्रेडचे तुकडे आदल्या दिवशी उघडे वाळवून ठेवा. लोण्याच्या एका कांडीत, म्हणजे अर्ध्या कपात, दोन कांदे आणि चार सेलरीचे दांडे परतून सेज, थाईम, मीठ-मिरी घाला, ब्रेड आणि दोन-अडीच कप स्टॉक मिसळा. झाकून अर्धा तास, उघडं पंधरा मिनिटं.

दुसरा फरसबीचा ग्रीन बीन कॅसरोल. १९५५ साली कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या स्वयंपाकघरात डॉर्कस राइली यांनी तो तयार केला, आणि आज कित्येक घरांत त्याच्याविना पान पूर्ण होत नाही. चार कप उकडलेली फरसबी, मशरूम सूपचा एक डबा, अर्धा कप दूध. २५ मिनिटं भाजून वर डब्यातला तळलेला कांदा पसरा आणि आणखी पाच मिनिटं ठेवा.

मॅश्ड पोटॅटो दोनच्या सुमारासच करून इन्स्टंट पॉटमध्ये ‘कीप वॉर्म’वर ठेवता येतात. बटाटे हाताने कुस्करा. मिक्सर लावला तर ते चिकट गोळा होतात. दूध गरम करून घाला, लोणी सढळ हाताने.

आता ग्रेव्ही. पॅनमधला रस गाळून उंच भांड्यात ठेवा. चरबी वर येईल, ती काढून घ्या. चार मोठे चमचे चरबीत चार मोठे चमचे मैदा मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. मग पॅनमधला रस आणि कालचा स्टॉक मिळून दोन-अडीच कप, थोडा थोडा ओतत, घोटत राहा. पिठलं हाटताना हात थांबला की गुठळ्या होतात, इथेही तसंच. पाच मिनिटं उकळा, चव बघा, मगच मीठ. पॅनमधला रस आधीच खारट असतो.

पावणेचारला कापणी. आधी दोन्ही पाय सांध्यातून वेगळे करा. सुरी हाडावर चालवायची नाही, पाय बाहेर वाकवला की सांधा दिसतो. मग छातीच्या मधल्या हाडाला लागून सुरी खाली नेत एका बाजूची अख्खी छाती सोडवा आणि पाटावर ठेवून आडवे काप करा, म्हणजे प्रत्येक कापाला थोडी कातडी येते. गळ्याजवळचं इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचं हाड जपून ठेवा. ते वाळलं की दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं आणि मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पूर्ण, असा इथला खेळ आहे. मुलांना फार आवडतो.

शाकाहारी पाहुणे

मराठी घरच्या जेवणात ते असणारच, आणि त्यांनी नुसते बटाटे खाऊन उठणं बरं दिसत नाही. स्टफिंगचा एक भाग भाजीच्या स्टॉकमध्ये, वेगळ्या भांड्यात करा आणि वेगळा चमचा ठेवा. मशरूम परतून लोणी-मैद्याची शाकाहारी ग्रेव्ही दहा मिनिटांत होते. विकतच्या वस्तूंची वेष्टनं वाचा : रताळ्याच्या कॅसरोलवरच्या मार्शमेलोंत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातडीपासून काढतात, आणि काही तयार पायच्या पारीत डुकराची चरबी असते, तिला इथे लार्ड म्हणतात. त्यांच्यासाठी एक भरभक्कम पदार्थ करा. भरली वांगी किंवा मटार-उसळ पानात क्रॅनबेरीशेजारी छान बसते, आणि टर्की खाणारेही ती मागून घेतात.

जेवणानंतर

दोन तासांच्या आत सगळं मांस हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा. अख्खा सांगाडा तसाच आत ढकलायचा नाही, तो लवकर गार होत नाही. मांस तीन-चार दिवस टिकतं, परत गरम करताना १६५ अंशांपर्यंत. इथली माणसं दुसऱ्या दिवशी सँडविच करतात. आपण मांडीचं मांस हाताने मोडून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करावा, शिजलेलं मांस शेवटी घालून एक उकळी आली की बंद. छातीचं पांढरं मांस रश्श्यात आणखी कोरडं होतं. ते बारीक करून कोथिंबीर, हिरवी मिरची, उरलेले मॅश्ड पोटॅटो घालून कटलेट करा. हाडं प्रेशर कुकरमध्ये पाणी, मिरे आणि कांदा घालून पाऊण तास शिजवली की सुंदर स्टॉक निघतो. तो गाळून, डब्यांवर तारीख लिहून फ्रीझरमध्ये टाका. दोन-तीन महिने सूपला आणि पुलावाला कामी येतो.